संबंध नसल्याचा कागद

नोटरी घरी येणार म्हणून मंजूने सकाळीच बैठकीतल्या गादीवरची चादर बदलली. बदलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की असा थाट या घरात सोयरीक जुळवायची असली की होतो. आज गंगा उलटी वाहणार होती. आज एक नातं मोडायचं होतं, तेही सही-शिक्क्यानिशी. आणि ज्याने मोडायचं तो तिचा नवरा, शिवनारायण बाहेती, वय वर्षं त्रेसष्ट, खाली दुकानात कापडाच्या ठाणांमागे तोंड लपवून बसला होता. दोनदा बोलावणं गेलं, दोन्ही वेळा "आलोच" एवढंच उत्तर वर आलं.

सगळं त्या कार्डापासून सुरू झालं. आधार, रेशन, मतदान, शाळेचा दाखला, सगळ्यांना पोटात घेणारं एकच राष्ट्रीय ओळखपत्र निघणार होतं. योजना अजून कच्ची होती. काही गावांत आधी करून बघायचं, लोकांचं म्हणणं ऐकायचं, मग पुढचं ठरवायचं, असा बेत होता, आणि त्या गावांच्या यादीत तीर्थपुरीचं नाव आलं होतं. एरवी ग्रामसभेला सरपंच आणि त्यांचे चार मेहुणे असायचे. या वेळी मंडप टाकावा लागला. मंजूचा मुलगा श्रेयांस कार्डाच्या बाजूने बोलला आणि फार छान बोलला. झेरॉक्स काढून काढून आपली निम्मी हयात गेली, एका कामाला सात कागद आणि सात कागदांना सात खेटे, हे आता थांबलं पाहिजे, असं तो म्हणाला तेव्हा मंजूला वाटलं, पोरगं कापडाच्या धंद्यात उगाच पडलं, वकीलच व्हायला हवं होतं. मग मळ्यातला भागवत उढाण उठला. त्याला भाषण येत नाही. तो एवढंच म्हणाला, "आपल्या माणसाला वळखायला कार्ड लागत आसंल, तं तो आपला कशाचा?" आणि खाली बसला. मंजूने कौतुक मुलाचं केलं, पण टाळ्या भागवतच्या वाक्याला वाजवल्या. श्रेयांसने ते पाहिलं आणि दोन दिवस तो आईशी मोजकंच बोलला.

पण गोम पुढे होती. नोंदणीत ज्याचा जो सर्वांत जुना कागद, तोच पाया धरायचा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवायचे, असा नियम होता. शिवनारायणचा सर्वांत जुना कागद म्हणजे गावच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. श्रेयांस तो घेऊन आला आणि दारातच थबकला. त्याच्या बापाच्या जन्मतारखेसमोर नाव होतं कडूबा रामकिसन उढाण, आणि पालकाच्या रकान्यात भागवतच्या आईचा, झुंबरबाईचा, अंगठा. कडूबा हे नाव त्याने लहानपणापासून ऐकलं होतं, पण लाडाचं म्हणून. ते सरकारी वहीत बसलेलं त्याला माहीत नव्हतं.

मंजूला माहीत होतं. तिच्या सासूची आधीची तिन्ही मुलं वर्षाच्या आत गेली. चौथा झाला तेव्हा पाचवी व्हायच्या आतच त्याला सुपात घातलं आणि रामकिसन उढाणांच्या बायकोला विकलं. किंमत पसाभर कोंडा. ज्यांची मुलं जगत नाहीत त्यांनी असं करायचं, म्हणजे सटवाईला वाटतं हे पोर या घरचं नाहीच, आणि तिची नजर दुसरीकडे वळते. झुंबरबाई तेव्हा विशीतली, मांडीवर चार महिन्यांचा भागवत. तिने कोंडा दिला, पोर घेतलं आणि कुणाला चाखावंसं वाटू नये असं कडू नाव ठेवलं. एका बाजूला भागवत आणि दुसऱ्या बाजूला कडूबा, असं दोघांना तिने दूध पाजलं.

बाकीचे लोक सूप या हातातून त्या हातात देतात आणि संध्याकाळी पोर घरी आणून मोकळे होतात. बाहेती पडले व्यापारी, त्यांच्याकडे सौदा म्हणजे सौदा. बारा वर्षं पोर उढाणांचं असं ठरलं, ते बारा वर्षं पाळलं. पोर दोन्ही घरी खेळलं, जेवलं, पण अंगावरचा धागा न् धागा उढाणांचा. शाळेत घालायची वेळ आली आणि मास्तरांनी नाव विचारलं, तेव्हा मंजूचे सासरे, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाला खोटं माप दिलं नाही, त्यांनी शांतपणे रामकिसन उढाणांचं नाव सांगितलं आणि झुंबरबाईला अंगठ्यासाठी पुढे केलं. मास्तरांच्या वहीत बाहेती लागलं आणि सटवाईने ते वाचलं तर काय, एवढीच त्यांना धास्ती. तिला अक्षरओळख असणार हे त्यांनी धरूनच चाललं होतं, कारण कपाळावरचं तीच तर लिहिते. बारा वर्षांनी साडीचोळी देऊन पोर वाजतगाजत परत घेतलं. वही मात्र परत घ्यायची राहून गेली. कडूबा सातवीनंतर शिवनारायण होऊन दुकानाच्या गादीवर बसला, आणि शाळेचं तोंड त्याने पुन्हा पाहिलं नाही.

मंजू या घरात सून म्हणून आली ती अशी दोन सासवांत. सख्खीचा जाच सोसता येतो, त्याला निदान नाव असतं. या दुसरीचं काय करायचं, हे चाळीस वर्षांत तिला उमगलं नव्हतं. दर पाडव्याला शिवनारायणच्या अंगावर पहिला कपडा मळ्यातून यायचा. दुमजली कापड दुकानाचा मालक, पण शहागडच्या बाजारातून झुंबरबाईने आणलेला, बाह्या आखूड आणि गळा मोठा असा सदरा घालून तो दिवसभर गल्ल्यावर मिरवायचा. मंजूने घेतलेला झब्बा घडीतच राहायचा. तिला हेवा वाटायचा, आणि तिने तो कधी कबूल केला नाही. ती झुंबरबाईंना मावशी म्हणायची. जवळचं वाटतं आणि कशात बांधूनही घेत नाही असा तो शब्द तिने पहिल्याच वर्षी हुडकला होता. पण सख्खी सासू आठ महिने अंथरुणाला खिळली तेव्हा मळ्यातून रोज पायी येऊन तिचं हगणं-मुतणं कुणी काढलं, हेही मंजूने डोळ्यांनी पाहिलं होतं. तशी बाई पुन्हा होणे नाही, असं ती माहेरी सांगायची. इथे सांगायची नाही.

आता श्रेयांसने तोड काढली होती. शिवनारायणने प्रतिज्ञापत्र करायचं, की उढाण कुटुंबाशी आपला संबंध नाही. झुंबरबाईनेही तसंच करायचं. मग शाळेची नोंद चूक ठरेल, बापाचं कार्ड बाहेती नावाने निघेल आणि त्यामागे मुलाचं, नातवंडांचं. या तोडीला अवचित पाठिंबा मिळाला तो भागवतच्या बायकोचा, वंदनाचा. कार्ड जर शाळेच्या नोंदीवर निघालं तर कडूबा हा रामकिसनचा कायदेशीर वारस ठरतो आणि अकरा एकरांत त्याचा वाटा येतो, हे तिच्या डोक्यात कुणीतरी भरवलं होतं. म्हणजे सभेत एकमेकांविरुद्ध बोललेल्या दोन घरांत आता अशी नवी विभागणी झाली. कागद हवा म्हणणारे बाहेतींचा मुलगा आणि उढाणांची सून. कागद नको म्हणणारे दोघं दूधभाऊ. मंजू कुठेच नव्हती, ती चहाचं बघत होती.

दहाच्या सुमाराला उढाण मंडळी आली. त्र्याऐंशी वर्षांची झुंबरबाई भागवतच्या मोटारसायकलवर मागे बसून, त्याच्या कमरेला घट्ट धरून आली आणि वंदना रिक्षाने. झुंबरबाई गादीवर बसली नाही. या घरात ती कधीच गादीवर बसत नसे. भिंतीला टेकून तिने सतरंजीवर बैठक मारली, चहा घेतला, छान झालाय म्हणाली. नोटरी वकील सोमेश्वर शिक्क्याची पेटी घेऊन आला, तेव्हा कुठे शिवनारायण जिना चढून वर आला. कागद कडक आवाजात वाचला गेला. त्यात सगळं होतं. शेवटी होतं, की सदर कुटुंबाशी माझा रक्ताचा, नात्याचा किंवा इतर कोणताही संबंध नाही व कधीही नव्हता.

"ते 'इतर कोणताही' काढता येतं का?" शिवनारायणने विचारलं.

"शेठ, कागदाचा सगळा जीव त्याच्यातच हाय," सोमेश्वर म्हणाला. "ते काढलं तं मंग ही झेरॉक्सच्या भावाची रद्दी."

भागवत खुर्चीच्या काठावर बसून श्रेयांसकडे बघत होता. तो म्हणाला, "तू सभेत म्हनला का कार्डानं माणसाची खरी वळख होती. मंग त्या खऱ्या वळखीची सुरवात खोटं लिहून कामून करून राह्यला?"

"काका, खोटं साठ वर्षांपूर्वी लिहून झालंय," श्रेयांस म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "आजोबांनी लिहिलं. मी ते दुरुस्त करून राह्यलो, बस. माझ्या लेकराच्या कार्डावर आजाचं नाव चुकीचं असलं, तर उद्या तिला कुठं कुठं उत्तरं द्यावी लागतील, ते तुम्हाला न्हाई कळायचं."

पोरगं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

मग वंदना बोलली. ती मंजूच्याच वयाची, आणि बोलताना तिने मान खाली घातली नाही. "भाऊजी, वाईटपना म्याच घेते. तुमच्यावर माझा बराबर भरवसा हाय. पन तुमच्या मागं कोन येईन, त्याच्यावर कसा ठिवू? आमच्याकडं दुसरं काय हाय? तेवढी जमीन हाय." मंजूला तिचा राग यायला हवा होता, तो आला नाही. मनात एक आणि जिभेवर एक असं न करणारं या खोलीत हे एकच माणूस आहे, असं तिला वाटलं. झुंबरबाईंना आपण चाळीस वर्षं नुसतं मावशी म्हणत आलो, याची तिला जरा लाज वाटली.

शिवनारायणने पेन उचललं. सहीच्या जागेवर नेलं. एवढी वर्षं बिलांवर धडाधड सह्या करणारा तो हात तिथे अडला, आणि मग त्याने पेन चादरीवर ठेवून दिलं. "माझ्याच्यानं न्हाई होत," तो म्हणाला. श्रेयांसने तोंड फिरवलं. वंदनाने डोळे मिटले. खाली दुकानात कुणीतरी परकराच्या कापडाचा भाव विचारत होतं.

"माझा कागद कुठाय?" भिंतीकडून आवाज आला. "तो आना इकडं. आधी माझा आंगठा घ्या, मंग त्याला जड जानार न्हाई."

भागवत म्हणाला, "माय, तू गप बस."

"गप कामून बसू?" झुंबरबाई म्हणाली. तिचा आवाज म्हातारा होता, पण कापत नव्हता. "हे पोर माझं हाय, आसं म्या सटवाईला लबाड बोलले, ते जगावं म्हनून. आता हे माझं न्हाई, आसं सरकारला लबाड बोलते, त्याचं नीट चालावं म्हनून. तवा सटवाईला भ्याले न्हाई, तं ह्या कागदाला काय भिऊ?" आणि तिने डावा अंगठा पुढे केला.

आईपण सिद्ध करायला भांडणाऱ्या बायका तिने पाहिल्या होत्या, ऐकल्या होत्या. आईपण सोडायलाही पोराच्याच भल्याचा हिशेब लावणारी आणि वर त्याला सरळ लबाडी म्हणणारी बाई तिने आज पाहिली. आपला हेवा किती खुजा होता, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. शिवनारायण "माय, नको" म्हणत होता, पण सोमेश्वरने शाईचा डबा उघडला होता. अंगठा उमटला. सोमेश्वरने पदराला शाई लागू नये म्हणून तिला कपडा दिला आणि म्हणाला, की अंगठा आहे म्हटल्यावर ओळख देणारं माणूस लागेल. शिकलेलं असावं. नाव, सही, आणि या बाईला कसं ओळखता ते लिहायचं.

भागवत उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. वंदनाने हात पुढे केला, तर सोमेश्वर म्हणाला, ज्याचा फायदा त्याची ओळख चालत नाही. श्रेयांसचीही म्हणून नको. मग त्याने मंजूकडे पाहिलं. मंजूने ट्रे खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि येऊन बसली. लिहायला तिला फार वेळ लागला नाही.

सोमेश्वर शिक्का मारायला वाकला आणि तसाच थांबला. "वहिनी, हे काय लिहिलं?"

भागवत गॅलरीतून आत आला. त्याने कागद घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि वाचला, "मंजू शिवनारायण बाहेती. नातं, सून."

"वर लिहिलंय काहीच संबंध न्हाई," सोमेश्वर म्हणाला, "आन खाली वळख देऊन राह्यली सून. हा कागद माझ्या घरचे सुदिक मानायचे न्हाईत."

"सहीच्या वर खोटं लिहायची मला सवय न्हाई," मंजू म्हणाली. तिचं तिलाच नवल वाटत होतं, पण शब्द थांबेनात. "ह्या माझ्या नवऱ्याच्या आई हायेत. मंग मी त्यांची कोण, ते तुम्हीच सांगा. दुसरं काही असलं तर तसं लिहिते."

श्रेयांस आईकडे बघत राहिला, सभेतल्या टाळ्यांच्या वेळी बघितलं होतं तसं नाही, वेगळंच. आणि शिवनारायण हसायला लागला. दोन महिन्यांत पहिल्यांदा तो पोट धरून हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. ते त्याने बाहीने पुसले आणि उठून वंदनासमोर जाऊन बसला.

"वंदना, तुझी भीती खोटी न्हाई," तो म्हणाला. "पन संबंध न्हाई आसं म्या लिहून देनार न्हाई. सोमेश्वर, दुसरा कागद करा. हक्कसोडीचा. रामकिसन उढाणांच्या जमिनीवरचा माझा हक्क म्या राजीखुशीनं सोडला, माझ्या मागच्यांनीबी सोडला. बहिनी न्हाई का लिहून देत भावाला? ज्याचा हक्क असतो त्यालाच सोडता येतो. खरं का न्हाई?"

सोमेश्वरने कान खाजवला. कायद्यात हे बसवायला जरा घाम निघेल, पण वंदनावहिनींच्या भीतीला तेवढं पुरे, असं तो म्हणाला. वंदनाने पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. तिला फक्त जमीन हवी होती, नातं मोडायला ती आलीच नव्हती, हे तिचं तिलाही आत्ताच कळल्यासारखं दिसत होतं.

राहिला श्रेयांस. "आणि कार्ड?" त्याने विचारलं.

"सुनावनी हाय ना पुढच्या हप्त्यात? तिथं जाऊन सांगू, काय झालं ते जसंच्या तसं," शिवनारायण म्हणाला. "योजना कच्ची हाय म्हनतो ना तू? मंग आमचंबी म्हननं लिहून घेऊ दे त्यांना. आईचा रकाना एक ठिवलाय, मला दोन लागतात. दिलं कार्ड तं चांगलं. न्हाई दिलं तं बिनकार्डाचा मरंन, पन तुझ्या लेकराला माझं खरं नाव सांगायला कोनाचा दाखला लागनार न्हाई."

दोन महिने श्रेयांसने ज्या गोष्टीसाठी तालुक्याचे खेटे घातले, ती हातातून निसटत होती आणि ती सोडायला त्याचा जीव होत नव्हता, हे मंजूला स्पष्ट दिसत होतं. मग त्याने चादरीवरचं पेन उचललं, वकिलाच्या पेटीवरचा कोरा कागद ओढला आणि म्हणाला, "सुरुवात कुठून करू? सुपापासून?"

"कोंड्यापासून कर," भागवत म्हणाला आणि त्याच्याजवळ मांडी घालून बसला.

या सगळ्यात झुंबरबाई अंगठ्याची शाई पुसत बसली होती. तिला अर्धं ऐकू आलं होतं, अर्धं नाही. तिने भागवतचा शर्ट ओढला आणि विचारलं, ती काय लिव्हली म्हनून एवढा कल्ला झाला? भागवतने वाकून तिच्या कानात सांगितलं. म्हातारीने मंजूकडे पाहिलं. पायापासून डोक्यापर्यंत, सावकाश, जसं बघायला आलेल्या मुलीला बघतात तसं पाहिलं. मग ती हात टेकून उठली आणि सतरंजी सोडून गादीवर, तक्क्याला टेकून बसली.

"मंग पाव्हनीवानी उभी कामून ऱ्हायली?" ती म्हणाली. "जल्दी चहा ठिव सगळ्याईला. आन मघाचा लै पानचट झाल्ता."

चाळीस वर्षांत या घरातल्या कशालाही नाव न ठेवलेल्या बाईच्या तोंडून ते ऐकलं, आणि मंजूने पदर कमरेला खोचला. "हो, माय," ती म्हणाली, आणि आत जाऊन पातेल्यात या खेपेला पाण्याचा थेंबही न घालता नुसतं दूध ओतलं.